तटस्थाची जागा : अनुकृती, गळ आणि नॉर्मन मॅक्लीनची दीर्घकथा

मराठी समीक्षेत अनुकृतीची चर्चा निघाली की उदाहरणे बहुधा दोनच ठिकाणांहून येतात : रंगभूमीवरून किंवा चित्रफलकावरून. अ‍ॅरिस्टॉटलच्या विवेचनामागे शोकात्मिकेचा प्रयोग असतो, शंकुकाच्या विवेचनामागे रामाची भूमिका करणारा नट आणि चित्रातला घोडा असतो. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती ही की, ज्याच्यासाठी अनुकृती केली जाते तो फसण्यासाठी आलेला नसतो. चित्रातल्या घोड्यावर मांड टाकायला कोणी धावत नाही. परंतु अनुकृतीचा असाही एक जुना, नेमाने चालत आलेला व्यवहार आहे, की ज्यात समोरचा फसला नाही तर अनुकृतीच फसते. डोंगरातून उतरणाऱ्या नितळ नदीत ट्राउट मासा धरण्यासाठी पिसांची कृत्रिम माशी वापरण्याची जी कला युरोपात वाढली व पुढे अमेरिकेत गेली, तिच्याविषयी मी बोलतो आहे. नॉर्मन मॅक्लीन या समीक्षकाने सत्तरी ओलांडल्यावर या कलेवर एक दीर्घकथा लिहिली : ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ (१९७६). तिच्या आधाराने अनुकृतिविचारातील एका अडचणीकडे पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या वस्तूविषयी. इंग्रजीत जिला ‘फ्लाय’ म्हणतात ती एक छोटी गळाची आकडी असते. तिच्यावर रेशमाचा दोरा, कोंबड्याच्या मानेवरची पिसे, एखाद्या प्राण्याची लव असे काहीबाही गुंडाळून पाण्यावरच्या किड्याचा आकार आणलेला असतो. (मराठीत ‘मासा’ आणि ‘माशी’ यांच्यात फार थोडे अंतर आहे, या विषयावर लिहिणाऱ्यास हा योगायोग सुखाचाही आहे आणि गैरसोयीचाही.) तिला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून ती फेकता येत नाही. फेकली जाते ती तिच्यामागची जड दोरी, आणि माशी त्या दोरीमागून वाहत जाते. काठी मागे, क्षणभर थांबणे, काठी पुढे : या हालचालीची लय बिघडली की दोरी पाण्यावर आपटते, आणि नितळ पाण्यातला ट्राउट दिसेनासा होतो. गांडूळ लावून गळ टाकणाऱ्याला गढूळ पाणी सोयीचे पडते. माशी टाकणाऱ्याची सगळी कला मात्र पाणी स्वच्छ असल्यामुळे आवश्यक होते. पाणी नितळ असते म्हणून मासा त्याला दिसतो, आणि त्याच कारणाने तोही माशाला दिसतो.

या कलेतही अनुकृतीविषयीचा एक मोठा वाद होऊन गेला आहे. तो झाला इंग्लंडच्या दक्षिणेकडील चुनखडीच्या संथ नद्यांवर. डोंगरी नदीशी त्या नद्यांचे साम्य एवढेच, की त्यांचेही पाणी आरपार दिसते. फ्रेडरिक हॅल्फर्डने १८८६ मध्ये तरंगत्या माश्या कशा बांधाव्यात यावर ग्रंथ लिहिला, आणि १८८९ मध्ये या मासेमारीच्या ‘सिद्धांत आणि प्रयोग’ अशा दोन्ही अंगांवर दुसरा. पाण्यावर या घटकेला जो किडा उतरला आहे त्याचीच शक्य तितकी हुबेहूब प्रतिकृती वापरावी आणि ती पाण्याच्या वरच तरंगवावी, हा त्याचा आग्रह. त्याच्या अनुयायांनी या आग्रहाचा धर्म केला. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० च्या पुस्तकात, मासा जर पाण्याखालीच अळ्या खात असेल तर माशीही पाण्याखाली का नेऊ नये, असा साधा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने उठलेली खळबळ १९३८ पर्यंत शमली नव्हती. त्या वर्षी लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या विषयावर रीतसर वादसभा झाली. स्क्यूजची पद्धत मला मोठी अर्थपूर्ण वाटते. धरलेल्या माशाच्या पोटातले अन्न लांब चमच्याने काढून तो ते पांढऱ्या बशीत पाण्यात पसरी आणि माशाने काय खाल्ले ते पाही. हॅल्फर्ड किड्याकडे पाहून माशी बांधत होता, तर स्क्यूज माशाने केलेली निवड वाचत होता. आपल्या परिभाषेत सांगायचे तर एकाची निष्ठा अनुकार्यावर होती, दुसऱ्याची भावकावर.

आता भट्ट तौताकडे वळता येईल. र. पं. कंगले यांच्या ‘रसभावविचार’मुळे मराठी अभ्यासकाला ‘अभिनवभारती’तील हा भाग परिचित आहे. शंकुक म्हणतो, नट स्थायीचे अनुकरण करतो आणि प्रेक्षक त्या अनुकृत स्थायीचे अनुमान करतो. त्यावर अभिनवगुप्ताचे गुरू तौत विचारतात : अनुकरण म्हणता, पण कोणाच्या दृष्टीने? प्रेक्षकाच्या, नटाच्या, वस्तुस्थितीचे विवेचन करणाऱ्याच्या, की भरतमुनींच्या? चारही दृष्टींनी तपासून ते शंकुकाचे मत खोडून काढतात. त्यातला एक मुद्दा असा, की ज्याने मूळ पाहिलेच नाही त्याला अमुक हे त्याचे अनुकरण आहे असे म्हणता येत नाही. आणि रामाचे शोक-हर्ष कोणी पाहिले आहेत?

पिसांच्या माशीला तौतांचा प्रश्न विचारला की तो एकदम भौतिक होतो. माणूस किडा वरून पाहतो, हातात घेऊन पाहतो. मासा तो खालून पाहतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला वरचे जग डोक्यावरच्या एका वर्तुळाकार खिडकीतूनच दिसते. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याच्यासाठी आरसा असतो. तरंगणारा किडा खिडकीत येण्यापूर्वी माशाला दिसतात ते त्याच्या पायांनी आरशात पडलेले खळगे, म्हणजे प्रकाशाचे काही ठिपके. हॅल्फर्डने बारकाईने जुळवलेला पंखांचा रंग माशाच्या लेखी तोवर अस्तित्वातच नसतो. उलट, कोणत्याही किड्याशी डोळ्यांना न जुळणारी एखादी भडक माशी मासा झटकन घेतो. म्हणजे हुबेहूबपणा कोणासाठी होता? बहुतेक वेळा तो काठावरच्या माणसासाठीच होता.

इथे शंकुकाचा चित्रतुरगन्याय पुन्हा उघडून पाहण्यासारखा आहे. चित्रातला घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक् नाही, मिथ्या नाही, संशय नाही आणि सादृश्याचीही नाही. ती या चारींहून वेगळी आहे, असे तो म्हणतो. ट्राउटला ही पाचवी वाट मोकळी नाही. माशीखाली येऊन, प्रवाहाबरोबर मागे सरकत, तिला निरखून जो मासा खाली निघून जातो त्याला संशय आला. ज्याने ती घेतली त्याचे ज्ञान मिथ्या. दिव्याच्या प्रभेला रत्न समजून धावणाऱ्याचा जो दृष्टांत शंकुकाच्या मतात येतो, तो ट्राउटला शब्दशः लागू आहे. ‘ही माशी आहे आणि ही माशी नाही’ असा दुहेरी, आनंददायी अनुभव ज्याला येऊ शकतो तो एकटाच : पाहणारा, काठावरचा, तटस्थ. तटावर उभा तो तटस्थ, ही व्युत्पत्ती आपण विसरलो आहोत. ताटस्थ्य हा शब्द आपल्या समीक्षेने कलास्वादाची पूर्वअट म्हणून इतका वापरला की त्यातला नदीकाठ पुसून गेला. भट्टनायकाने मात्र रसाची प्रतीती तटस्थपणे होत नाही असे बजावले होते, हे इथे आठवलेले बरे.

अनुकृतीला असे दोन ग्राहक असतात : एक फसणारा आणि एक रमणारा. रंगभूमीवर पहिला नसल्याने सिद्धांताने त्याची दखल घेतली नाही. मॅक्लीनच्या दीर्घकथेतले दुःख या दोन जागांच्या मधल्या अंतरात आहे, असे माझे म्हणणे आहे.

मॅक्लीन (१९०२–१९९०) शिकागो विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. आर. एस. क्रेन यांच्याभोवती जमलेल्या नव-अ‍ॅरिस्टॉटलवादी समीक्षकांच्या गटातला तो एक. क्रेन यांनी संपादित केलेल्या १९५२ च्या ‘क्रिटिक्स अँड क्रिटिसिझम’ या प्रसिद्ध संग्रहात त्याचे दोन लेख आहेत. त्यांपैकी ‘किंग लिअर’वरचा लेख लिअरच्या वेडाचा माग घटनेपासून प्रवेशाकडे, प्रवेशातून भाषणाकडे आणि भाषणातून शब्दाकडे असा घेत जातो. एवढ्या मोजक्या लेखनानंतर निवृत्त झालेल्या या माणसाने पुस्तक दिले ते कथांचे, आणि तेही विद्यापीठाच्याच प्रकाशनसंस्थेने काढले, जिने तोवर नवे ललित लेखन कधी छापले नव्हते. (या कथांत झाडे फार आहेत अशी एका व्यावसायिक प्रकाशकाची तक्रार होती. झाडे खरोखरच आहेत.) या दीर्घकथेकडे निसर्गविलापिका म्हणून किंवा ख्रिस्ती कृपेची कहाणी म्हणून पाहिले जाते. दोन्ही वाचने चुकीची नाहीत, पण तिचा लेखक अनुकृतिविचारात आयुष्य घालवलेला समीक्षक आहे, ही गोष्ट ती बाजूला ठेवतात.

कथानक थोडक्यात असे. मॉन्टाना राज्यातील ब्लॅकफूट नदीच्या परिसरात स्कॉटिश वंशाचा एक प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक आपल्या दोन मुलांना धर्म आणि माशीची मासेमारी एकाच गांभीर्याने शिकवतो. काठी घड्याळातल्या दहा आणि दोन यांच्या दरम्यान फिरली पाहिजे आणि चार मात्रांत; त्यासाठी तो मेट्रोनोम लावतो. थोरला नॉर्मन हा निवेदक. धाकटा पॉल वृत्तपत्रात काम करतो, पितो, जुगारात कर्ज करून बसतो, मारामाऱ्या करतो. आणि बापाच्या चार मात्रांच्या पलीकडे गेलेला तो असामान्य कलावंत आहे. १९३७ च्या उन्हाळ्यात नॉर्मनला जाणवते की भावाला मदत हवी आहे. काय मदत, कशी, हे कळत नाही. पुढच्या मे महिन्यात पॉल मारला जातो.

मधल्या भागात नॉर्मनच्या मेहुण्याची, नीलची, हास्यकथा गुंफलेली आहे. तो कॉफीच्या डब्यात गांडुळे घेऊन येतो, दारू पितो, एका बाईबरोबर उघड्यावर झोपून पाठ भाजून घेतो. त्याच्या घरच्या बायकांनाही वाटते की त्याला मदत हवी आहे. लिअर आणि ग्लॉस्टर यांची जोडकथानके आयुष्यभर शिकवलेल्या लेखकाने ही जुळणी सहज केलेली नाही. एकाच आशयसूत्राची ही खालच्या पट्टीतली आवृत्ती आहे. मात्र इथे एक आक्षेप नोंदवायला हवा. गांडूळवाला हलका आणि माशीवाला खानदानी, ही या कलेतली जुनी वर्गवारी कथेने विनातक्रार स्वीकारली आहे. पॉलसोबतच्या शायेन वंशाच्या स्त्रीच्या बाबतीतही असेच होते. निवेदक तिला जे नाव देतो ते इतिहासातल्या दुसऱ्याच एका शायेन स्त्रीचे आहे. निवेदकाची न पाहण्याची सवय पॉलपुरती मर्यादित नाही, असे म्हणून हा दोष कथेच्या आशयात बसवून घेता येईल. पण मला ते फार सोयीचे समर्थन वाटते.

हेमिंग्वेच्या ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ (१९२५) या कथेशी तुलना केल्यास मॅक्लीनचे वेगळेपण स्पष्ट होते. तिथेही ट्राउट आहे, नितळ नदी आहे, न बोललेले दुःख आहे. परंतु निक बाटलीत धरलेले जिवंत नाकतोडे आकडीला लावतो. तिथे अनुकृती नाही, म्हणून तौतांचा प्रश्नही नाही. निकला दुसऱ्या कोणाचा दृष्टिकोन समजून घ्यायचा नसून स्वतःला सावरायचे आहे. मॅक्लीनच्या कथेत मात्र प्रत्येक माशी हे दुसऱ्याच्या मनाविषयीचे अनुमान असते.

हे अनुमान कथेत एका ठिकाणी उघड चर्चेला येते. शेवटच्या दिवशी पॉल एकामागून एक मासे धरतो आहे आणि नॉर्मनच्या हाती काही लागत नाही. मासे तरंगत्या किड्यांवर नव्हे, तर पाण्यात बुडालेल्या पिवळ्या स्टोनफ्लाय किड्यांवर चरत आहेत, असे पॉलने ताडलेले असते. हे तुला कसे सुचले, असे भाऊ विचारतो. पॉलच्या उत्तराचा मथितार्थ असा, की विचार करणे म्हणजे ठळक दिसणाऱ्या गोष्टीवरून आधी लक्षात न आलेल्या गोष्टीकडे जाणे, आणि तिच्यावरून मुळीच न दिसणाऱ्या गोष्टीकडे. नैयायिकाने लिंगावरून साध्याकडे जावे तशी ही वाट आहे. शंकुकाला पॉल आपला शिष्य वाटला असता. आणि इथेच कथा वाचकाला पेचात टाकते. पॉलविषयीची सगळी ठळक चिन्हे नॉर्मनसमोर आहेत : मध्यरात्रीचा तुरुंग, कर्ज, मारामारीच्या खुणा, मदतीचा विषय निघताच बदलले जाणारे बोलणे. पहिली पायरी आहे, दुसरीही आहे. तिसरीवर तो जात नाही.

का जात नाही? कारण तो काठावर बसलेला आहे. हे मी रूपकाने म्हणत नाही. आपल्या वाट्याचे मासे धरून झाल्यावर नॉर्मन वडिलांजवळ जाऊन बसतो. वडील ग्रीक भाषेतला ‘नवा करार’ वाचत आहेत. आधी पाणी की आधी शब्द यावर दोघांचे थोडे बोलणे होते. मग दोघे पॉलला शेवटचा मोठा मासा धरताना पाहतात. दोघांच्याही आयुष्यातला हा शुद्ध आस्वादाचा क्षण आहे. पॉल त्यांच्या नजरेत एक लय होऊन जातो. मर्ढेकरांच्या संज्ञा वापरून संवाद, विरोध आणि समतोल यांचे एक निर्दोष उदाहरण तिथे दाखवता येईल, आणि ते दाखवणाऱ्यालाही नेमके नॉर्मनसारखेच सुख होईल. ज्याला वाचवायचे तो समोर आहे आणि पाहणारे त्याच्या सौंदर्यात बुडून गेले आहेत. मराठीत आपण एखाद्याला गळ घालतो, म्हणजे आर्जवाने, हट्टाने धरून बसतो. ही गळ स्त्रीलिंगी, माशाचा गळ पुल्लिंगी. व्याकरण त्यांना वेगळे ठेवते, कान ठेवत नाही. मासे धरण्यात पटाईत असलेल्या या घरात पॉलला कोणीही, कधीही, गळ घालत नाही. ती असभ्यता झाली असती. गांडुळाने मासा धरण्यासारखी.

पॉलच्या मृत्यूनंतरची पाने या दृष्टीने वाचावीत. पिस्तुलाच्या दस्त्याने मारून त्याला एका गल्लीत टाकलेले असते. हाताची जवळजवळ सगळी हाडे मोडलेली होती एवढेच नॉर्मनला कळलेले आहे. कोणता हात, असे वडील विचारतात. उजवा. नव-अ‍ॅरिस्टॉटलवाद्याच्या हातून लिहिली गेलेली ही शोकात्मिका अभिज्ञान नाकारते. मारेकरी कोण, कारण काय, हे कळत नाही. घटनांच्या संभाव्यतेची साखळी ऐन ठिकाणी तुटते. वडील पुन्हा पुन्हा विचारतात, तुला ठाऊक आहे ते सगळे सांगितलेस ना? शेवटी नॉर्मन म्हणतो की तो उत्तम मासेमार होता एवढेच मला खरोखर ठाऊक आहे. वडील त्यात एकच विशेषण घालतात : तो सुंदर होता. मला हे विशेषण गौरवाचे वाटत नाही. काठावरून जेवढे दिसले तेवढ्याची ती कबुली आहे. ज्या दोघांनी या माणसाला सर्वांत जास्त पाहिले, त्यांच्याकडे त्याच्याविषयी शिल्लक आहे तो एक सौंदर्यवाचक शब्द.

रॉबर्ट रेडफर्डच्या १९९२ च्या चित्रपटाने इथे केलेला बदल उद्बोधक आहे. पूर्णपणे समजल्यावाचूनही पूर्णपणे प्रेम करता येते, हा विचार चित्रपटात वडील प्रवचनपीठावरून मांडतात, आणि तो कथेचा निष्कर्ष बनून जातो. संहितेत हे वाक्य नॉर्मनचे आहे. वडिलांचे समाधान करण्यासाठी तो ते म्हणतो. वडिलांचे उत्तर कोरडे आहे : हे मला ठाऊक आहे, मी त्यावर प्रवचने दिली आहेत. म्हणजे प्रेमाचा प्रश्न त्यांच्यापुरता सुटलेलाच होता. त्यांना आकलन हवे होते. म्हणूनच पुढे ते मुलाला सुचवतात की खऱ्या गोष्टी सांगून झाल्यावर एखादी गोष्ट रचून पाहा, माणसेही रच, मग काय घडले आणि का, ते कदाचित कळेल. (याच चित्रपटात ब्लॅकफूटच्या जागी बऱ्याच ठिकाणी गॅलटिन नदी उभी राहिली. हॅल्फर्डने नाक मुरडले असते, स्क्यूजने मासा काय म्हणतो ते विचारले असते.)

वडिलांची ही सूचना कथेने किती पाळली, हे चरित्राशी ताडून पाहता येते. मॅक्लीनचा खरा भाऊ १९३८ च्या मे महिन्यात मारला गेला तो शिकागोत. म्हणजे लेखक जिथे शिकवत होता त्याच शहरात. कथेने शिकागो पुसून टाकले. मृत्यू मॉन्टानात ठेवला, आणि पहाटे पोलीस उठवायला येतात तेव्हा निवेदकालाही तिथेच ठेवले. नदीची एकात्मता राखण्यासाठी केलेली ही रचना आहे, असे रूपवादी उत्तर देता येईल. परंतु शिकागो पुसल्यामुळे आणखी एक गोष्ट पुसली गेली. थोरला भाऊ ज्या शहरात राहत होता, तिथेच धाकटा मेला. आणि त्या शहरात बसून दूरवर पाहण्यासाठी नदी नव्हती, काठही नव्हता. तौतांचा प्रश्न अनुकृतीच्या कर्त्याला विचारला, तर तो असा विचारावा लागेल : ही रचना कोणाच्या डोळ्यांना पटण्यासाठी बांधली आहे? वाचकाच्या, मृत भावाच्या, की ज्याला ती स्वतःच्याच गळी उतरवायची आहे त्या बांधणाऱ्याच्या?

अखेरच्या परिच्छेदात निवेदक म्हातारा झाला आहे. त्याने एकटे जाऊ नये असे मित्रांना वाटते, तरी तो मोठ्या पाण्यात एकटाच उतरतो. ज्यांच्यावर त्याने प्रेम केले आणि ज्यांना तो समजू शकला नाही, ते बहुतेक सगळे गेले आहेत. संपूर्ण कथेत कोणी ना कोणी मासे धरत असताना कोणी ना कोणी बसून पाहत होते. ही जोडी इथे प्रथमच मोडते. वाचणारे आपण तेवढे त्या रिकाम्या काठावर असतो, आणि परिच्छेद विलक्षण सुंदर असल्यामुळे आपल्याला तिथे बसावेसेही वाटते.